नऊ दिवसांची रजा आणि दोन याद्या

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. मी, माझा नवरा आणि आमची आठ वर्षांची लेक. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोघांच्याही नोकऱ्या पूर्णवेळ. लिहायच्या आधी नवऱ्याला विचारलं आणि लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिलं. दोन ठिकाणी तो म्हणाला, "हे असं नव्हतं." तिथे त्याचंही म्हणणं घातलं आहे.

सुट्टीत नवराबायकोचं भांडण होणं ही गोष्ट मी ओळखीच्या कितीतरी घरांतून ऐकली आहे, पण ती नेहमी हळू आवाजात, बाजूला घेऊन सांगितली जाते. बाकी सगळ्यांना फोटो दाखवतात. आमचेही फोटो सुंदर आले होते. तिसऱ्या दिवसाचे तर फारच, आणि त्याच दिवशी संध्याकाळी आमचं अकरा वर्षांतलं सगळ्यात वाईट भांडण झालं.

रजा जुळवताना

मी एका कंपनीत पगाराचं काम बघते. हजेरी २० तारखेला बंद होते, २५ पर्यंत तपासणी चालते, महिनाअखेरीला पगार जमा होतात आणि पुढचे तीन-चार दिवस "माझे दोन दिवस कमी धरलेत" अशा तक्रारी निस्तरण्यात जातात. म्हणजे मला रजा मागायची तर ५ ते १८ या तारखांतच. नवरा संगणक यंत्रणांच्या देखभालीत आहे. चार जणांची टीम, त्यामुळे दर चौथ्या आठवड्याला तो ऑन-कॉल असतो, म्हणजे बिघाड झाला तर केव्हाही फोनवर हजर, आणि तिमाही संपताना कुणालाच रजा मिळत नाही. यावर लेकीच्या शाळेचं वेळापत्रक. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही एका मोठ्या कॅलेंडरवर तीन रंगांच्या पेनांनी तिघांच्या अडलेल्या तारखा खोडल्या, तेव्हा सलग आठवडाभर मोकळ्या उरल्या अशा वर्षभरात दोनच जागा निघाल्या.

पुढे जे घडलं त्याचं मूळ मला इथेच दिसतं. वर्षात दोनच संधी असल्या की त्यांच्यावर अपेक्षांचं ओझं पडतं. राहिलेल्या सगळ्या गप्पा, सगळी झोप, लेकीला दिलेली सगळी वचनं, एकमेकांना दिलेला "सुट्टीत बघू" हा निरोप, हे सगळं त्या नऊ दिवसांत बसवायचं होतं. नऊ दिवस म्हणजे पाच दिवसांची रजा आणि मागेपुढे दोन शनिवार-रविवार.

तिसरा दिवस

आम्ही समुद्राकाठी एक घर भाड्यानं घेतलं होतं. "घेतलं होतं" असं मी म्हणते, पण घर शोधलं मी, मालकांशी बोलले मी, तिकिटं काढली मी. लेकीचे कपडे, औषधांची पिशवी, शेजाऱ्यांकडे किल्ली, झाडांना पाणी, शाळेचा सुट्टीतला अभ्यास, परतल्यावर पहिल्या दिवशी घरात काय असायला हवं, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. भरती-ओहोटीच्या वेळासुद्धा मी लिहून घेतल्या होत्या, कारण लेकीला ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांमध्ये खेकडे बघायचे होते.

नवरा त्या आठवड्यात ऑन-कॉल नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं सहकाऱ्याला सांगितलं होतं, "काही लागलं तर फोन कर." अशा निरोपाचा अर्थ ऐकणारा आपल्या सोयीनं लावतो. पहिल्या दोन दिवसांत तीन फोन आले. तिसऱ्या दिवशी ओहोटी संध्याकाळी होती. आम्ही निघालो, दाराशी पोचलो आणि फोन वाजला. तो म्हणाला, "पाच मिनिटं." लेक पायरीवर बूट घालून, हातात जाळी घेऊन बसली. पंचवीस मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा अंधारायला लागलं होतं.

मी म्हटलं, "तू आला नसतास तरी चाललं असतं आम्हाला."

तो म्हणाला, "आणि तू आलीस का? तीन दिवस तू मला फक्त पुढचं काम सांगतेयस. एकदा तरी नुसती बसलीस माझ्याशेजारी?"

मला हे अत्यंत अन्यायाचं वाटलं. जिनं सगळी सुट्टी उभी केली तिलाच तू नुसती बसत नाहीस म्हणायचं? मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. लेकीनं बूट काढले आणि ती आत जाऊन झोपली. जेवलीही नाही. पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो.

(नवऱ्याची पहिली हरकत इथे आहे. त्याच्या मते तो फोन घेणं भाग होतं, कारण पलीकडचा मुलगा नवा होता आणि घाबरला होता. "मी फोन घेतला ही चूक नव्हती. तो मुलगा एकटा पडेल अशी व्यवस्था करून मी निघालो, ही चूक होती." मला हे पटलं आहे, आणि पुढचं सगळं याच वाक्यातून निघालं.)

होडी

सहाव्या दिवशी आमचा ठरलेला बेत वाऱ्यामुळे रद्द झाला. माझ्याकडे त्या दिवसासाठी दुसरं काहीच ठरवलेलं नव्हतं. घरामागे एक शांत खाडी होती आणि घरमालकांची छोटी वल्ह्यांची होडी तिथे बांधून ठेवलेली असे. लेक म्हणाली, "ही चालवू या का?" आम्हा दोघांनाही वल्हवता येत नव्हतं. मालकांनी काठावर उभं राहून जुजबी शिकवलं, लाइफ जॅकेट दिली आणि पाणी कमरेइतकंच आहे तिथेच राहा असं बजावलं.

होडी गोल फिरत राहिली. त्याचा हात जड, माझा हलका. सरळ जायचं तर दोघांनी एका वेळी आणि सारख्या जोरानं वल्हं मारायला हवं, आणि ते एकमेकांकडे न बघता जमत नव्हतं. मग लेक मध्ये बसून मोठ्यानं आकडे म्हणायला लागली. एक, दोन. एक, दोन. अर्ध्या तासानं आम्ही पलीकडच्या काठाला लागलो. पाच दिवसांत पहिल्यांदाच मला पुढची वेळ आठवत नव्हती आणि त्याचा फोन घरात राहिलाय हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

या दुपारीबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यात जोडप्यांना एकमेकांचे हात-पाय बांधून, रांगत, दोघांच्या अंगांमध्ये धरलेली उशी अडथळ्यापलीकडे न्यायला सांगितलं होतं. काम जेमतेम सात मिनिटांचं. दुसऱ्या जोडप्यांना साधं, नेहमीसारखं काम दिलं. नवं आणि जरा धडधड वाढवणारं काम मिळून केलेल्या जोडप्यांनी नंतर आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान सांगितलं. मी हे होडीनंतर वाचलं आणि मला आमची गोल फिरणारी होडीच दिसली. मी आखलेल्या सगळ्या बेतांमध्ये आम्ही प्रेक्षक होतो. बघायचं, फोटो काढायचा, पुढे जायचं. दोघांनाही न येणारी एक गोष्ट आमच्या हातात पडली ती केवळ बेत फसला म्हणून.

परत आल्यावर

रविवारी रात्री उशिरा पोचलो, सोमवारी सकाळी कामावर. शुक्रवारपर्यंत मी जशी जाण्याआधी होते तशीच झाले होते. खांदे तसेच दुखत होते, झोप तशीच तुटत होती. मला वाटलं, भांडणामुळे सुट्टी वाया गेली. पण यात भांडणाचा वाटा मी धरला होता त्याहून कमी असावा. नेदरलँड्समधल्या येसिका डे ब्लोम यांनी ५४ नोकरदारांचा त्यांच्या लांब सुट्टीत, सरासरी २३ दिवसांच्या, पाठपुरावा केला होता. त्यांचं आरोग्य आणि मन:स्थिती सुट्टीत झपाट्यानं सुधारली, आठव्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात चांगली होती, आणि काम सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पुन्हा मूळ पातळीवर आली. तेवीस दिवस रजा घेणाऱ्यांचं हे, तर आमच्या नऊ दिवसांनी काय टिकावं!

मला यानं निराश व्हायला हवं होतं. झालं उलटंच. सुट्टीवरचं ओझं थोडं उतरलं. वर्षभराचा शीण फेडायचं काम तिचं नव्हतंच, आणि ते आम्ही तिच्यावर लादलं होतं.

दोन याद्या

त्या शनिवारी लेक मैत्रिणीकडे गेली होती. आम्ही दोघं टेबलाशी बसलो आणि मी म्हटलं, "दोघांनी वेगवेगळं लिहू. या सुट्टीसाठी कुणी किती केलं, टक्क्यांत." मी माझ्यापुढे ८० लिहिलं. त्यानं स्वतःपुढे ४५ लिहिलं. बेरीज १२५.

मी चिडणारच होते. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी १९७९ साली लग्न झालेल्या जोडप्यांना असंच विचारलं होतं, घरातली कुठली गोष्ट कोण किती करतं म्हणून. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांसाठी शंभराच्या वर गेली. भांडणं कोण सुरू करतं अशा गोष्टींमध्येसुद्धा लोकांनी स्वतःचा वाटा जास्त सांगितला, म्हणजे निव्वळ मोठेपणाची हौस हे याचं कारण नाही. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्यानं केलेलं तितकं आठवत नाही.

मग आम्ही टक्के सोडले आणि एकेक काम फोडलं. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून घरातल्या डोक्यानं करायच्या कामाचे चार भाग दाखवले आहेत: काय लागणार हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि ठरलेलं होतंय ना यावर लक्ष ठेवणं. त्यांना दिसलं की ठरवण्यात नवराबायको बऱ्यापैकी बरोबरीनं असतात. पहिला आणि शेवटचा भाग मात्र बहुतेक घरांत बायकोकडे असतो. आम्ही कागदावर चार रकाने पाडले आणि घर, प्रवास, लेकीची तयारी, रोजचा बेत असं एकेक घातलं. "ठरवणं" या रकान्यात सगळीकडे दोघांची नावं आली. बाकीच्या तीन रकान्यांत जवळपास सगळीकडे माझं एकटीचं.

नवरा त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं ठरवणं म्हणजेच काम. तू तीन घरं दाखवलीस, मी एक निवडलं. मला वाटलं अर्धं मी केलं." त्याचे ४५ टक्के तिथून आले होते. अकरा वर्षांत मी त्याला अनेकदा "तू काहीच करत नाहीस" असं म्हटलं होतं. त्याला ते साफ खोटं वाटायचं आणि तो ते झटकून टाकायचा. चार रकाने त्याला झटकता आले नाहीत.

आता माझी पाळी होती. त्याच्या फोनबद्दल मी जे बोलत होते तेही नीट तपासून बघितलं. नऊ दिवसांत सात फोन, सगळे मिळून दोन तास दहा मिनिटं. माझ्या मनात ते दिवसाचे तीन तास तरी होते. पण आकडा छोटा निघाला म्हणून माझी तक्रार खोटी ठरत नव्हती. फोन येईल म्हणून वाट बघत असलेला माणूस फोन न येणाऱ्या वेळातही तिथे नसतो. साबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ साली विश्रांतीच्या अनुभवाचे चार घटक मांडले: कामापासून मनानं सुटणं, शरीर-मन सैल होणं, काही नवं जमल्याचा आनंद, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. नवऱ्याचं पहिलंच झालेलं नव्हतं. माझं पहिलं आणि चौथं, दोन्ही नव्हतं झालं. आणि माझ्याकडे त्याच्या फोनसारखी दाखवता येईल अशी वस्तूही नव्हती. माझं काम माझ्या डोक्यात चालू होतं आणि बाहेरून ते उत्साहासारखं दिसत होतं.

अजून एक गोष्ट मला त्या टेबलाशी कबूल करावी लागली. रोज रात्री सगळे झोपल्यावर मी ऑफिसचे मेल बघत होते. कुणी मागितलं नव्हतं. ५ तारखेनंतरही काही दुरुस्त्या राहिल्या होत्या आणि मला चैन पडत नव्हतं. त्याच्या फोनवर मी तिसऱ्या दिवशी इतकी बोलले, त्यात या लपवलेल्या मेलचा वाटा होता असं आज मला वाटतं.

पुढच्या सुट्टीआधी

पाच महिन्यांनी दुसरी जागा होती, सहा दिवसांची. यावेळी आम्ही आधी कार्यभार सोपवण्याचं काम नीट केलं, दोन्हीकडचं.

ऑफिसचं तुलनेनं सोपं गेलं. "काही लागलं तर फोन कर" या वाक्याऐवजी दोघांनीही एकेक पानाचा कागद केला: काय अर्धवट आहे, ते कोण बघेल, पुढची पायरी काय, आणि नेमकं काय झालं तरच मला बोलवायचं. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं आहे की अपुरं राहिलेलं काम मनात घोळत राहतं, पण ते कसं पुरं करायचं याची ठोस योजना केली की घोळणं थांबतं. काम प्रत्यक्ष पुरं व्हावं लागत नाही. मला याचा अनुभव आला. कागद लिहायला पाऊण तास लागला आणि त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले. नवऱ्याच्या यादीत अकरा गोष्टी होत्या. त्यातली एकच अशी निघाली की जी त्याच्याशिवाय कुणाला येत नव्हती. ती त्यानं निघण्यापूर्वी आठवडाभर बसून सहकाऱ्याला शिकवली, त्याच नव्या मुलाला. एखादं काम एकाच माणसाला येतं ही ऑफिसची अडचण आहे, आणि इतकी वर्षं ती आमच्या घरात, आमच्या सुट्टीत येऊन बसत होती. तिचं भांडण आम्ही एकमेकांशी करत होतो.

संध्याकाळी सात ते सात वीस एवढाच वेळ तो फोन बघणार, हे त्यानं वरिष्ठांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले. इतकंच. सांगायला तो आठ दिवस घाबरत होता.

सगळ्यांना असं "बरं" ऐकायला मिळत नाही, हे मी विसरत नाही. नियमित काळानं मिळणारी पगारी सुट्टी हा हक्क १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, २४ व्या कलमात लिहिलेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या करारानं वर्षाला किमान तीन आठवडे पगारी रजा सांगितली, आणि ती तोडून घ्यायची झाली तर एक भाग साधारणपणे किमान दोन आठवडे सलग असावा असंही म्हटलं. काम केलं नाही त्या दिवशी मजुरी नाही अशा माणसांपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. आमच्या कागदांचा उपयोग झाला, कारण मुळात आम्हाला रजा होती.

घरचं सोपवणं फार अवघड गेलं, आणि अवघड मला गेलं. आम्ही कामं सुटी वाटली नाहीत, पूर्ण दिली. राहायची जागा आणि प्रवास त्याच्याकडे: ओळखण्यापासून लक्ष ठेवण्यापर्यंत चारही रकाने. लेकीची बॅग लेकीकडे आणि त्याच्याकडे. माझ्याकडे औषधं आणि सहापैकी फक्त दोन दिवसांचे बेत. एक अट होती. ज्यानं सोपवलं त्यानं विचारायचं नाही.

मी तीन आठवडे विचारलं नाही. जीभ चावून गप्प बसणं म्हणजे काय ते कळलं. त्यानं जागा निघायच्या जेमतेम आठ दिवस आधी ठरवली. पाण्यापासून चाळीस मिनिटं चालत. मी असते तर ही घेतली नसती, हे एकदा म्हटलं. तो म्हणाला, "ऐकलं. पण मी घेतली आहे." मला राग आला आणि त्याच वेळी खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, कारण आता ती चाळीस मिनिटं माझी नव्हती. लेकीचे पोहायचे कपडे राहिले. तिथे पोचल्यावर बापलेक दोघं जाऊन विकत घेऊन आले आणि त्या भानगडीत त्यांना एक तळं सापडलं, जे माझ्या कुठल्याच यादीत आलं नसतं.

अर्धा दिवस एकट्याचा

प्रत्येकाला सुट्टीतला अर्धा दिवस एकट्याला मिळावा, ही माझी सूचना होती. नवऱ्याची दुसरी हरकत याच्यावर आहे. तो लिहायला सांगतो: "मला हे ऐकून वाईट वाटलं होतं. वर्षभर आपण एकमेकांना भेटत नाही, आणि सुट्टीतही तुला माझ्यापासून लांब जायचंय, असं वाटलं."

हे त्यानं तेव्हा सांगितलं नाही, निघायच्या आदल्या रात्री सांगितलं. आम्ही बराच वेळ बोललो. मला त्याच्यापासून लांब जायचं नव्हतं; कुणाच्याही गरजेपासून चार तास लांब जायचं होतं. त्याला हा फरक कळायला वेळ लागला, आणि मला हे कळायला की त्याच्यासाठी जवळ असणं म्हणजेच विश्रांती आहे, गप्प बसून का होईना. झोनेनटाग-फ्रिट्झ यांच्या चार घटकांकडे आम्ही पुन्हा गेलो. नवऱ्याला सैल व्हायचं असतं. पडून राहणं, उशिरा उठणं, काहीच न ठरवणं. मला काहीतरी शिकलं, चढलं, जमलं की ताजं वाटतं. अकरा वर्षं मी त्याच्या पद्धतीला आळस म्हणत आले आणि तो माझ्या पद्धतीला दगदग. दोघंही आपापल्या परीनं थकवाच घालवत होतो.

शेवटी असं ठरलं की एकट्याचा अर्धा दिवस ज्याला हवा त्यानं घ्यावा, ज्याला नको त्यानं घेऊ नये. मी घेतला. पहाटे उठून एकटी टेकडी चढले आणि वर कुणालाही पाणी हवंय का, कुणाचे पाय दुखतात का, हे न विचारता बसले. खाली आले तेव्हा दोघं अजून झोपलेली होती. मी त्यांच्या शेजारी जाऊन नुसती बसले.

जे जमलं नाही

चौथ्या दिवशी यंत्रणा खरोखरच बंद पडली. तीच एक गोष्ट, शिकवलेली, पण त्या नव्या मुलाच्या आवाक्याबाहेर गेलेली. नवरा म्हणाला, "एक तास लागेल." तीन लागले. पहिल्या तासाला मी शांत होते. पुढच्या दोन तासांना नव्हते, आणि ते मी त्याला सांगितलं: काम आलं म्हणून नाही, एक तास म्हणून तीन झाले आणि मध्ये बाहेर येऊन सांगितलं नाहीस म्हणून. त्यानं मान्य केलं. संध्याकाळी आम्ही बोलत होतो, आणि हे माझ्यासाठी पुरेसं होतं.

मीही पूर्ण सुटले नाही. दुसऱ्या दिवशी राहवलं नाही आणि माझ्या जागी काम बघणाऱ्या मुलीला मेसेज केला, "सगळं ठीक ना?" तिचं उत्तर आलं, "ताई, तुम्ही सुट्टीवर आहात ना?" मला जरा लागलं. मग लक्षात आलं, तिनं कागद वाचला होता आणि मी तिच्यावर तो वाचल्याचा विश्वास ठेवला नव्हता.

आणि परतल्यावर आठवड्याभरात शीण पुन्हा आलाच. यावेळी आम्ही शनिवारी परतलो, रविवार घरी ठेवला, म्हणून सोमवार बरा गेला. शुक्रवार मात्र नेहमीचाच.

आता

येरून नावैन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दीड हजारांवर डच लोकांची पाहणी मांडली. सुट्टीला जाणारे न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते, पण ते जाण्याआधी. परतल्यावर बहुतेकांमध्ये फरक उरत नव्हता. हे वाचून आम्ही वाट बघण्याचा आनंद जास्त वेळा मिळावा असं करायचं ठरवलं. दर दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहानंतर दोघांचंही काम बंद. एका गुरुवारी तो ठरवतो, पुढच्या वेळी मी, आणि दुसऱ्यानं विचारायचं नाही. अट तीच. कधी फक्त चालायला जातो. एकदा त्यानं मातीकामाच्या वर्गाला नेलं आणि दोघांचीही भांडी चाकावर कोसळली. महिनाअखेरीचा गुरुवार माझ्यामुळे बुडतो, ऑन-कॉलचा त्याच्यामुळे. सहा महिन्यांत तेरापैकी आठ झाले. मला वाटतं, तेरा झाले असते तर आम्ही काहीतरी ताणत असतो.

रविवारी रात्री वीस मिनिटं कॅलेंडर घेऊन बसतो. "पुढच्या आठवड्यात काय लागणार" हे आता त्यानं आधी बोलायचं. सुरुवातीला त्याला तीन गोष्टी सुचायच्या आणि मी आणखी नऊ सांगायचे. आता त्याला सात-आठ सुचतात. गेल्या रविवारी त्यानं शाळेच्या शिबिराचा अर्ज काढला. त्याची मुदत मलाही आठवत नव्हती.

पुढच्या सुट्टीच्या तारखा पक्क्या झाल्या आहेत. चार रकान्यांचा कागद भिंतीवर लावला आहे. लेकीनं त्यावर स्वतःसाठी पाचवा रकाना पाडून घेतला आणि त्यात लिहिलं, "होडी". औषधांच्या पिशवीपुढे चारही रकान्यांत माझंच नाव आहे. नवऱ्यानं विचारलं, "ही पण घेऊ का?" मी नाही म्हटलं. लेक दोन वर्षांची असताना प्रवासात रात्री तिला ताप चढला होता आणि पिशवी घरी राहिली होती. ती रात्र माझ्या मनातून गेलेली नाही. तो म्हणाला, "ठीक. मग मी विचारणार नाही."